केसरमायचं डावं-उजवं

आमचं सिनेमाचं म्युझियम बघायला येणारा माणूस दारातच पहिला प्रश्न विचारतो, आत एसी आहे का? नाही म्हटलं की निम्मे लोक परत फिरतात. उरलेले आत येतात, कारण शहाद्याच्या उन्हात आमच्याकडे सावली आहे आणि तिकीट नाही.

म्युझियम म्हणजे कापसाचं एक जुनं गोडाऊन. मालक किशोरशेठ. त्यांच्या आजोबांची टूरिंग टॉकीज होती, म्हणजे गावोगाव फिरणारा तंबूतला सिनेमा. आजोबा गेले, वडिलांनी तंबू गुंडाळून माळ्यावर टाकला, आणि किशोरशेठ ते सगळं भंगारात घालायला निघाले होते, तेवढ्यात कोणीतरी त्यांना सांगितलं की याला वारसा म्हणतात. झालं. दोन प्रोजेक्टर पुसून ठेवले, रिळांचे डबे मांडले, भोंगे टांगले, तिकिटाची लाकडी खिडकी भिंतीला टेकवून उभी केली, आणि शेवटी मला बोलावून घेतलं. मी त्या तंबूचा ऑपरेटर. शेठ पाहुण्यांना एकेक वस्तू दाखवत माझ्यापर्यंत येतात आणि "हे आमचे ऑपरेटर" असं म्हणतात, तेव्हा काही पाहुणे माझ्यासमोरही थांबून खालची पाटी शोधतात.

दर शनिवारी संध्याकाळी मी एक खेळ लावतो. खरी फिल्म, खरा प्रोजेक्टर. पूर्वी आत दोन कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांच्या मधल्या ठिणगीचा उजेड पडद्यावर जायचा. आता कांड्या मिळत नाहीत म्हणून दिवा बसवला आहे. फिल्म मात्र तीच, म्हातारी आणि चिडकी. मध्येच तुटते. तुटली की मी कापतो, चिकटवतो, पुन्हा लावतो. तेवढ्या वेळात किशोरशेठ पुढे येऊन सिनेमाच्या इतिहासावर बोलतात. त्यामुळे फिल्म तुटू नये अशी प्रार्थना आमच्याकडे प्रेक्षकच करतात.

माणसं एकेक नमुनेदार येतात. नवापूरचे एक कोंबड्यांचे व्यापारी पूर्ण दोन तास सगळं बघून गेले आणि जाताना म्हणाले की मोठा भोंगा द्या, शेडमध्ये कोंबड्यांना गाणी लावायची आहेत, अंडी वाढतात. धडगावकडच्या डोंगरातून एक आजोबा आले होते. त्यांना माझं मराठी समजेना, मला त्यांची पावरी बोली समजेना. प्रोजेक्टरपाशी ते थांबले आणि तोंडाने प्रोजेक्टरचा आवाज काढला. नुसती खरखर नव्हे, फिल्म संपताना शेपूट फटफट वाजतं ते सुद्धा. लहानपणी जत्रेत ऐकलेला तो आवाज त्यांनी इतकी वर्षं डोंगरात जपून ठेवला होता. मला भरून आलं. मी त्यांना चहा पाजला आणि पुन्हा एकदा आवाज काढायला लावला.

पण सांगायची आहे ती गोष्ट केसरमायची.

आमच्याकडे एक फिल्म आहे, तिचा सुरुवातीचा, नाव येतं तो तुकडा कधीच तुटून गेलेला आहे. डब्यावर काही लिहिलेलं नाही. सगळे तिला घोडेवाला पिक्चर म्हणतात. एक डाकू असतो, तो चांगला असतो. एक जमीनदार असतो, तो वाईट असतो. डाकूजवळ एक काळा घोडा असतो, त्याचा मागचा एक पाय पांढरा. सारंगखेड्याला घोड्यांची जत्रा भरते, तिथे हा पिक्चर वर्षानुवर्षं चालला, कारण तंबूत अर्धे लोक घोडे विकायला आलेले. हिरो मरायला टेकला तरी त्यांचं लक्ष घोड्याकडे. पडद्यावर घोडा आला की किमती बोलल्या जायच्या. घोड्याला खोड आहे, असं एकाने म्हटलं म्हणून एकदा मारामारीही झाली होती, आणि ती पडद्यावरच्या मारामारीपेक्षा चांगली होती.

तर एका सकाळी म्हसावदहून एक गाडी आली. आतून दोन मुलगे, दोन सुना आणि मागच्या सीटवरून लोटन आप्पा आणि केसरमाय उतरले. आप्पा पंचाहत्तरीचे, पांढरी टोपी, शेतीवाडी भरपूर, आवाजही भरपूर. केसरमाय त्यांची बायको. बारीक अंगाची, डोक्यावरून पदर, आणि ओठ असे मिटलेले की चहा विचारला तरी मान हलवून नाही.

थोरल्या मुलाने मला बाजूला नेऊन अडचण सांगितली. आप्पांच्या पंचाहत्तरीची पूजा पुढच्या आठवड्यात होती. पत्रिका वाटून झालेल्या, आचारी सांगितलेला, मंडप ठरलेला. आणि माय म्हणत होती की मी पूजेला आप्पांच्या शेजारी बसणार नाही.

कारण होतं घोडेवाला पिक्चर. नवीन लग्न झालं तेव्हा दोघं बैलगाडीतून सारंगखेड्याच्या जत्रेला गेले होते. तंबूत सिनेमा बघितला. परत येताना गाडीत केसरमाय सहज म्हणाली, हिरो डावखुरा होता, जमीनदाराला डाव्या हाताने कशी सणसणीत लावली त्याने. आप्पा म्हणाले, डाव्या नाही, उजव्या हाताने. ती म्हणाली डाव्या. ते म्हणाले उजव्या. बरोबर सासू होती, तिने मुलाच्या बाजूने साक्ष दिली. ती अर्धा पिक्चर झोपली होती, पण सासूची साक्ष होती.

तिथून जे सुरू झालं ते पन्नास वर्षं चाललं. हिला डावं-उजवं कळत नाही, हे आप्पांचं आवडतं वाक्य झालं. केसरमायने सांगितलं की बाजाराचा रस्ता डावीकडे आहे, तर आप्पा म्हणायचे कोणीतरी पडताळून घ्या. घर बांधताना ती म्हणाली चूल या बाजूला हवी, तर गवंड्यासमोर पिक्चरचा किस्सा. मुलगी बघायला पाहुणे आले, किस्सा. जावई आले, किस्सा. गावात कोणी चुकीच्या गल्लीत शिरलं तर लोक म्हणू लागले, केसरमायच्या डाव्या हाताला गेला. ती ऐकून घ्यायची. मग पूजेच्या आधी भटजी घरी आले, बसण्याची जागा सांगू लागले, आणि आप्पांनी भटजींना तोच किस्सा सांगितला. सगळे हसले. केसरमाय उठली आणि म्हणाली, "मी पाटवर बठनार नही. पहिले मले तो पिक्चर दखाडा."

हे ऐकून मी छाती फुगवली. म्हटलं, हा निकाल आत्ता लावतो. ऑपरेटर आहे, मी हा पिक्चर इतक्या वेळा चालवला आहे की हिरोला खोकला कधी येतो तेही मला ठाऊक. मला माहीत होतं की चापट उजव्या हाताची आहे. बिचारी म्हातारी, असं मनात म्हणत मी चौथं रीळ लावलं.

आमचा पडदा म्हणजे गोडाऊनची भिंत, चुन्याने पांढरी केलेली. सगळे समोर खुर्च्यांवर बसले. डाकू आला, घोड्यावरून उतरला, जमीनदाराची गचांडी धरली आणि दिली लावून. उजव्या हाताने. स्वच्छ उजव्या.

आप्पा उठून उभेच राहिले. धाकट्या मुलाला चौकातून गरम जिलेबी आणायला पिटाळलं. मला दिली, शेठना दिली, बाहेर पोस्टर बघत उभ्या असलेल्या दोन अनोळखी माणसांनाही दिली. केसरमायने जिलेबी घेतली नाही. ती भिंतीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "हाऊ तो पिक्चरच नही."

सुनेने तिचा हात धरून गाडीकडे नेलं. जाताना तिने माझ्याकडे एकदा बघितलं. तक्रार नव्हती त्या नजरेत, थकवा होता. मला जिलेबी गोड लागली नाही, तरी मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी आमच्या मंडळींना, म्हणजे बायकोला, हा सगळा किस्सा रंगवून सांगितला. त्या चुलीपुढे बसून माझ्याकडे पाठ करून ऐकत होत्या. आप्पांची नक्कल केली, केसरमायचीही केली. संपल्यावर हसण्याची वाट बघितली. हसू आलं नाही. मान वळवून त्या म्हणाल्या, "पन तो हिरो त डावराच व्हता ना?"

मी म्हटलं, डावरा कसला, मी स्वतः चालवायचो ना.

"तुम्ही चालाडेत. आम्ही बाया त पडदाना मांगे बठूत."

मी बशी खाली ठेवली.

बाहेरच्या वाचकांसाठी समजावून सांगतो. तंबूत पडदा शेवटच्या टोकाला नसायचा, मधोमध टांगलेला असायचा. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पडदा साध्या मांजरपाटाचा. त्याच्यावर पाणी मारून तो ओला ठेवायचा, म्हणजे उजेड आरपार जातो आणि चित्र मागूनही स्वच्छ दिसतं. फक्त मागून ते उलटं दिसतं. आरशात दिसतं तसं. उजवा हात डावा होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. प्रत्येक ऑपरेटरला माहीत असतं. पण उभं आयुष्य मी प्रोजेक्टरच्या मागे काढलं, म्हणजे पुरुषांच्या बाजूला. पडद्याच्या पलीकडे काय दिसतं ते बघायला कधी गेलोच नाही, आणि आमच्या मंडळींनी तो पिक्चर बघितला होता हेही मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं. कधी विचारलंच नव्हतं.

पडद्यावर येणाऱ्या अक्षरांवरून बायकांना समजलं नसतं का, असं कोणी विचारेल. केसरमायला तेव्हा वाचता येत नव्हतं. तिच्या लेखी अक्षर सुलटं काय नि उलटं काय.

मी तडक शेठकडे गेलो. शेठना इतिहास सांगायची संधी दिसली आणि त्यांनी शनिवारचा खेळ अंगणात, तंबूच्या पद्धतीने करायचं ठरवलं. मांजरपाटाचे दोन पन्हे शिवून आणले, दोन बांबूंच्या मध्ये ताणले, दोन्हीकडे सतरंज्या अंथरल्या. मोठ्या मुलाला निरोप पाठवला की आप्पांना आणि मायला घेऊन या. आप्पांचा निरोप आला की खटला संपलेला आहे, पुन्हा कशाला. मुलाने सांगितलं की तुमचा विजय गावासमोर व्हायला नको का? त्यावर आप्पा तयार झाले आणि म्हसावदहून येताना अर्धी गल्ली घेऊन आले.

पडदा ओला करायचा म्हणून शेठनी शेतातला फवारणीचा पंप आणवला. कल्पना चांगली होती. पंप धुतलाही होता. पण कापसावर मारलेलं औषध असं एका धुण्यात जातं थोडंच. पडद्यावर पहिला फवारा बसला आणि समोरच्या रांगेने एकदम रुमाल नाकाला लावले. आप्पा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, त्यांनी वासावरून औषधाचं नाव अचूक सांगितलं. इतिहासातल्या तंबूत हा वास नव्हता, असं मी शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, भाषण थोडं लवकर आटपतो.

एक गोष्ट मी बघितली. कोणी सांगितलं नव्हतं, पण म्हाताऱ्या बायका आल्या तशा सरळ पडद्याच्या मागे गेल्या आणि सतरंजीवर बसल्या. आमची मंडळीही तिकडेच. केसरमाय त्यांच्या मधोमध.

मी रीळ सुरू केलं. घोडा आला, दोन-तीन जणांनी नेहमीप्रमाणे किंमत केली. डाकू उतरला, गचांडी धरली, चापट बसली. पुढून आप्पा हसले. आणि मागून बायकांचा एकच गलका उठला, "देखा, डावाच."

पुढचे पुरुष एकमेकांकडे बघू लागले. मी प्रोजेक्टर थांबवला आणि आप्पांना म्हटलं, एकदा पलीकडे जाऊन बसा.

"बायासमा मी बठसू?" आप्पा म्हणाले. पंचाहत्तरी आहे म्हणाले, पोरं हसतील म्हणाले, काय दिसायचं ते इथूनही दिसतं म्हणाले. मुलांनी विनवलं, शेठनी इतिहासाचा दाखला दिला. आप्पा खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. मला वाटलं सगळं फुकट गेलं. पूजा मोडली, म्हातारी घरी जाऊन पुन्हा तेच ऐकत राहणार.

मग पडद्याच्या कडेने केसरमाय आली. पदर सावरला. सगळ्या गावादेखत ती नवऱ्याशी एवढं सरळ बोलली असेल असं मला वाटत नाही. "मी पन्नास वरीस तुम्हना बाजूनं आयकं," ती म्हणाली. "तुम्ही एक रीळ मन्हा बाजूले बठा."

 आप्पा उठले, टोपी सारखी केली आणि पडद्याच्या मागे गेले. बायकांनी सरकून जागा दिली. मी रीळ हाताने मागे फिरवलं आणि पुन्हा लावलं.

मागे काय झालं ते मला दिसत नव्हतं, मी पुन्हा आपला पुढेच. चापट झाली. मग आप्पांचा आवाज आला, "आखो एकदाव लाव."

पुन्हा लावलं. या वेळी मला राहवलं नाही, प्रोजेक्टर चालू ठेवून मी पडद्याच्या कडेला जाऊन डोकावलो. आप्पा हिरोकडे बघतच नव्हते. ते वाकून घोड्याच्या पायांकडे बघत होते. पुढून बघताना घोड्याचा उजवा मागचा पाय पांढरा. जत्रेत सगळ्यांना पाठ असलेली खूण ती. आणि आता तो पांढरा पाय डावा होता.

"मानूस नाटक करी," आप्पा म्हणाले, "घोडा नही करस." मग केसरमायकडे न बघता, आपल्याच गुडघ्यांशी बोलावं तसं, म्हणाले, "डावराच शे."

बायका हसल्या, केसरमाय हसली नाही. तिने डोळ्यांना पदर लावला. औषधाच्या वासाने असेल असं मी समजलो असतो, पण ती तर मागे होती आणि वास पुढेच जास्त होता. मग तिने मुलाला जिलेबी आणायला सांगितलं. आली तशी आप्पांना एक दिली आणि मुद्दाम डाव्या हाताने दिली. आप्पांनी ती निमूट खाल्ली.

शेठनी पुढे येऊन दोघांचंही बरोबर होतं असं समजावून सांगायला सुरुवात केली. बायका घरी निघाल्या होत्या.

पूजेला मला सहकुटुंब आमंत्रण आलं. म्हसावदला घरापुढे मंडप, सगळी भाऊबंदकी जमलेली. आप्पा नवं धोतर नेसून पाटावर बसले. केसरमाय हिरव्या लुगड्यात उभी. समोर भटजी बसलेले, यजमानांकडे तोंड करून. त्यांनी पोथीतून मान वर केली, म्हणाले, मातोश्रींनी यजमानांच्या उजवीकडे बसावं, आणि हाताने जागा दाखवली.

हात दाखवला तो त्यांच्या स्वतःच्या उजवीकडे. आप्पा पूजेच्या घाईत, भटजींचा हात तिकडे गेला म्हणून आपल्या डाव्या बाजूला जागा करू लागले. मुलगे पाट त्याच बाजूला मांडू लागले. सुना तिकडे वळल्या. मीही, खरं सांगायचं तर, तिकडेच बघत होतो.

केसरमाय जागची हलली नाही. मंडपात सगळ्यांना वाटलं, झालं, पुन्हा बिनसलं.

"थांबा," ती आप्पांना म्हणाली, अगदी शांतपणे. "भटजी पडदाना मांगे बठेल शेतस."

भटजींनी आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग आप्पांकडे, मग पुन्हा हाताकडे. माझ्या शेजारून आमच्या मंडळींचं हसू फुटलं, आणि मग सगळा मंडप हसला. आप्पाही हसले. हसता हसता त्यांनी धाकट्याच्या हातातून पाट घेतला, दुसऱ्या बाजूला स्वतः मांडला आणि कोणालाही पडताळून घ्या असं म्हणाले नाहीत.